रेल्वेकडच्या गोलपोस्टखाली

स्केलब्रूक, ४ मार्च २०१९

नेव्हिल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडता कचऱ्यात टाकणार असशील, तर निदान जोनला वाचायला दे. तुझ्या बायकोचं आणि माझं कधीच भांडण नव्हतं.

बातमी पेपरात वाचण्याआधी तुला माझ्याकडून कळावी म्हणून लिहितेय. रग्बी लीगचं संग्रहालय कुठे व्हावं हे ठरवायला पाच जणांची समिती नेमली आहे आणि त्या पाचांत मी आहे. हसू नकोस. इतकी वर्षं मैदानावर मटणाच्या गरम पाई विकल्या, मग दोनदा नगरपालिकेवर निवडून आले. या खेळाबद्दल मत असायला आणखी काय लागतं? शंभर वर्षांचे शर्ट, टोप्या, बूट लोकांच्या माळ्यांवर आणि पलंगांखाली कुजताहेत, त्यांना एक छप्पर हवंय. तीन जागा होत्या. पहिली एका मोठ्या शहरातली काचेची इमारत. तिथल्या साहेबाने आम्हाला बसवलं आणि विचारलं, "रग्बी म्हणजे ती पंधरा जणांचीच ना?" आम्ही तेरा जणांच्या खेळाचे लोक चहा न पिता उठलो. उरल्या दोन. एक आपलं वॉटर लेनचं मैदान आणि दुसरी तुमच्या ऑर्मशॉची कापडगिरणी.

म्हणजे आपलं गाव विरुद्ध तुझं गाव. डोंगराच्या अलीकडचे विरुद्ध पलीकडचे. तू ऑर्मशॉकडून खेळायला गेलास त्याचं मला काही नाही, पोटासाठी माणूस कुठेही जातो. पण वॉटर लेनवर येऊन, हंगामाच्या शेवटच्या सामन्यात, शेवटची किक मारून आपल्याच क्लबला खालच्या विभागात ढकललंस, ते बाबांना मरेपर्यंत गिळता आलं नाही. आणि बाबांच्या अंत्यविधीला तू चर्चमध्ये ऑर्मशॉचा टाय लावून आलास, ते मला आजही गिळता आलेलं नाही. त्याबद्दल मी काय बोलले ते माझ्या लक्षात आहे आणि त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही.

आता मुद्दा. आपला क्लब हल्ली शाळेच्या मैदानावर खेळतो, वॉटर लेनला कुलूप आहे. संग्रहालय तिथे आलं तर मैदान वाचेल. नाही आलं तर तिथे सुपरमार्केट होणार, नकाशेसुद्धा तयार आहेत. आणि बाबा तिथे आहेत, नेव्हिल. रेल्वेकडच्या गोलपोस्टखाली. तुला ऐकून माहीत असेल. बोलावलं तर नव्हतंच, कारण बाबांचीच अट होती की आपल्याला तिथे ठेवताना ऑर्मशॉचं कुणी नको. जानेवारी होता, जमीन लोखंडासारखी झालेली. पोस्टपाशी उभं राहून आम्ही प्रार्थना म्हटली, राखेचा डबा मैदान सांभाळणाऱ्या आर्नीच्या हातात दिला, आणि "जमीन जरा मऊ झाली की नीट पुरतो" असं तो म्हणाल्यावर पाई खायला गेलो. आपल्याकडे सगळ्यांचं असंच होतं.

नकाशात रेल्वेकडच्या बाजूला ट्रॉल्या ठेवायची जागा दाखवली आहे. मी ते होऊ देणार नाही. समितीला यातलं मी काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

थेल्मा

•

स्केलब्रूक, ९ एप्रिल

नेव्हिल,

तुझं कार्ड मिळालं. "पत्र पोचलं. गिरणी कोरडी आहे. नेव्हिल." इतक्या वर्षांनी भावाने बहिणीला लिहायचं ते हे. आणि तूही तिकडच्या प्रचारमंडळात आहेस हे मला जोनच्या ख्रिसमस कार्डावरून नाही, तर फिलिपाबाईंच्या कागदांवरून कळावं, याला काय म्हणायचं?

फिलिपाबाई आमच्या अध्यक्ष. जन्म संग्रहालयांत गेला. बोलणं मऊ, नजर सुईसारखी. बाप हल बंदराच्या गोदीत कामाला होता, त्यामुळे खेळ रक्तातला आहे. काल त्यांना आणि बाकीच्या तिघांना मी वॉटर लेन दाखवलं. गमबूट घालून या असं मीच सांगितलं होतं. तेवढं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

तुला ती कपडे बदलायची खोली आठवते? लाकडी बाकं, भिंतीत खिळे, मधोमध तो मोठा हौद? तिथे आता अळंबी उगवलीत. तीन वर्षांमागच्या नाताळात नदी आत आली होती ती गेली, पण वास सोडून गेली. पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याची तपकिरी रेघ भिंतीवर आहे. फिलिपाबाई आत आल्या तशी मी त्या रेघेसमोर जाऊन उभी राहिले, पाठ टेकून, पर्स हातात, आणि खेळाच्या इतिहासावर बोलायला लागले. कोळशाच्या खाणीत शनिवारची पाळी बुडवून खेळणाऱ्यांना बुडालेली मजुरी मिळावी म्हणून आपण पंधरा जणांच्या खेळापासून वेगळे झालो, तिथपासून सुरुवात केली. सगळे माना डोलावत होते.

फिलिपाबाई म्हणाल्या, "मिसेस एकरॉइड, पाणी कुठपर्यंत आलं होतं?"

मी म्हटलं, "फारसं नाही."

"तुमच्या कोटाला मागे चुना लागलाय."

"जुन्या जागेत लागायचाच," मी म्हटलं आणि तिथून हलले नाही.

मग मी त्यांना रेल्वेकडच्या पोस्टपाशी नेलं. गवत गुडघ्याएवढं वाढलंय, पोस्ट एका बाजूला कललाय. बाकीचे पुढे गेले. मी जरा मागे थांबून बाबांना हळूच सांगितलं की काळजी करू नका, माझं लक्ष आहे. वाऱ्यात उभं राहून गवताशी बोलणारी म्हातारी बघून जमीन मोजायला आलेला सुपरमार्केटचा माणूस दुसरीकडे बघायला लागला.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं ऐकलं. जिना चढता येतो का?

थेल्मा

•

स्केलब्रूक, २१ मे

नेव्हिल,

परवा मी तुमच्या गावात होते हे तुला सांगायला नको. तू खोलीच्या त्या टोकाला चहाच्या मोठ्या पिंपामागे लपला होतास. सहा फुटांचा माणूस पिंपामागे लपत नाही. चहा मला त्या फुलाफुलांच्या झग्यातल्या बाईने आणून दिला, पण साखर किती ते तिला विचारावं लागलं नाही. चहा ठीक होता.

डोंगर ओलांडून ऑर्मशॉला मी कधी सामन्याशिवाय आले नव्हते, आणि सामन्याला आले की बसमधून उतरून शिव्या देत मैदानात आणि शिव्या देत परत. गाव बघितलंच नव्हतं. मनाशी ठरवून आले होते की नाक मुरडायचं. गिरणी अंधारी असेल, पायऱ्या मोडक्या असतील, लोक उद्धट असतील. आणि त्या बाईने सुरुवातही छान केली. मला बघून म्हणाली, "या बाई, पासपोर्ट आणलाय ना? आमच्याकडे यॉर्कशरच्या लोकांना आधी पाय पुसायला लावतात."

मी म्हटलं, "तुमच्याकडे पाय पुसायची पद्धत आहे हेच नवल."

तिला ते इतकं आवडलं की तिने मला दोन पाई वाढल्या. पाई आपल्याकडच्याहून चांगल्या होत्या. हे मी फक्त तुला लिहितेय, बाहेर गेलं तर नाकबूल करेन.

गिरणी कोरडी आहे. तीन मजले, जाड भिंती, उत्तरेकडून येणारा उजेड. त्यात कपड्यांचे रंग उडत नाहीत असं फिलिपाबाई म्हणाल्या. बस दारात थांबते. आणि ती गिरणीची जुनी मालवाहू लिफ्ट, जिच्यातून कापडाचे गठ्ठे जायचे. तुमच्या जुन्या खेळाडूंपैकी दोघे चाकाच्या खुर्चीत होते, त्यांना तिच्यातून वरच्या मजल्यावर आणलं. त्यातला एक, मान वाकडी, बोटं सगळी मोडून वेडीवाकडी जुळलेली, मला म्हणाला, "स्केलब्रूकची का गं तू? तुमच्या गड्यांनीच केली ही बोटं. छान गडी होते." मग त्याने शंभर वर्षांपूर्वीचा एक शर्ट मांडीवर घेतला, आणि तो इतका वेळ कुरवाळत बसला की तो परत मागायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.

मी तेव्हाच समजले. वॉटर लेनच्या त्या खोलीत त्या माणसाची खुर्ची दारातूनसुद्धा आत गेली नसती. आणि तो शर्ट एका हिवाळ्यात कुजला असता.

पण मत कसं देऊ? समितीत दोघांचा कल इकडे, दोघांचा तिकडे, पाचवी मी. माझं घोडं बाबांपाशी येऊन अडलंय. ऑर्मशॉला मत दिलं तर मी माझ्या हाताने बापाच्या डोक्यावर डांबर ओतलं. वॉटर लेनला दिलं तर मला पक्कं माहीत असताना सगळा खेळ नदीत बुडवला. रोज सकाळी एक ठरवते आणि चहा पिऊन होईपर्यंत दुसरं ठरवते. वजन उतरलंय. डॉक्टर म्हणाला, चिंता कसली? मी म्हटलं, रग्बीची. तो बिचारा दक्षिणेचा, तिकडे हा खेळ कुणाला माहीत, त्याने फक्त रक्तदाब मोजला.

तुझा सल्ला मागत नाहीये. कळवतेय.

थेल्मा

•

स्केलब्रूक, १२ जून

नेव्हिल,

तुझं पत्र आलं. चक्क अर्धं पान. "आर्नी अजून आहे ना? नेमकं कुठे पुरलंय ते त्याला विचार. सुपरमार्केटने खणायच्या आधी आपण खणू." मला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण माझ्या डोक्यात बाबा म्हणजे तो पोस्टच झाला होता.

तर आर्नी आहे. चौऱ्याऐंशीचा झालाय, कान गेलेत, पण टेकडीवरच्या नगरपालिकेच्या भाजीच्या वाफ्यांत रोज जातो. त्याच्या रूबार्बचे लाल देठ बघशील तर अवाक होशील. मी गेले तेव्हा शेडच्या दारात बसून कांद्याची रोपं निवडत होता.

मी ओरडून विचारलं, "आर्नी, आमच्या बाबांना पोस्टच्या डाव्या बाजूला पुरलंस की उजव्या?"

 त्याने रोपं खाली ठेवली. "कशाला विचारतेस, पोरी?"

"तिथे डांबर घालणार आहेत. त्याआधी त्यांना काढायचंय."

"काढायला नको," तो म्हणाला.

"नको कसं? ट्रॉल्या उभ्या करणार आहेत त्यांच्या डोक्यावर."

"नाही करणार." आर्नीने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "तिथे कुणी नाहीये गं."

मला वाटलं, याला नीट ऐकू आलेलं नाही. मी पुन्हा ओरडले. शेजारच्या वाफ्यातला माणूस फावडं टेकून ऐकायला लागला.

"ऐकू येतंय मला," आर्नी म्हणाला. "तुम्हा लोकांना गवतातलं काही कळतं का? राखेने गवत जळतं. मुळापासून जळतं. आणि मेलेला जो तो म्हणणार, मला गोलपोस्टखाली ठेवा. एकालाही कोपरा नको, एकाला कडेची रेघ नको. सगळ्यांना पोस्टखालीच. मी सगळ्यांना पुरत बसलो असतो तर ट्राय करायला, रेघेपलीकडे चेंडू टेकवायला आलेला गडी चिखलात तोंडावर आपटला असता. बावीस वर्षं त्या मैदानावर एक टक्कल पडू दिलं नाही मी."

"मग कुठे आहेत ते?"

तो उठला आणि शेडमध्ये गेला. मी मागोमाग. आत फळ्या होत्या. वरच्या फळीवर रंगाचे डबे, मधल्या फळीवर डबे, बरण्या, लाकडी पेट्या. प्रत्येकावर पांढरी पट्टी, पट्टीवर नाव. आपल्या गावचे निम्मे जुने पाठीराखे तिथे ओळीने बसले होते.

"बर्फ वितळला की पुरतो, असं सगळ्यांना सांगायचो," आर्नी म्हणाला. "मग कुणी पुन्हा विचारायला येत नाही. सामन्याच्या दिवशी मैदानावरच्या माझ्या शेडची खिडकी उघडून यांना तिथे मांडायचो. मैदान दिसायचं तिथून. उगाच अंधारात कशाला ठेवा. मैदानाला कुलूप लागलं तेव्हा ढकलगाडीतून इकडे आणले. तुझा बाप तो, खताच्या पोत्याशेजारी."

बाबाच होते. आर्नीच्या अक्षरात, चुकीच्या स्पेलिंगसह. काखेत कळसा म्हणतात तो असा. मी समितीच्या पाच माणसांना आणि अख्ख्या खेळाला त्यांच्यासाठी ओलीस धरलं होतं, आणि ते माझ्या घरापासून टेकडीभर अंतरावर खताला टेकून बसले होते.

तुला वाटेल, मी आर्नीला झोडलं असेल. तोंड उघडलं होतं मी त्यासाठीच. पण आवाजच वेगळा निघाला. मी पालथ्या बादलीवर बसले आणि हसत सुटले, मग रडले, मग पुन्हा हसले. आर्नी घाबरून पाणी आणायला गेला आणि झारी घेऊन आला. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. छातीवर बसलेलं कुणी तरी उठून गेलं होतं. बाबांना वाचवायचं नव्हतं. कुणाच्या डोक्यावर काही पडणार नव्हतं. जे खरं दिसतंय तेच बोलायची मला मोकळीक होती.

"रागावलीस का?" आर्नीने विचारलं.

"रागावले आहे," मी म्हटलं. "पण ते नंतर. आधी घरोघर जाऊन या सगळ्यांच्या बायकामुलांना सांगून ये."

"मी? चौऱ्याऐंशीचा?"

"गवत वाचवताना वय नव्हतं का?"

तो जातोय हो, रोज एका घरी. निम्म्या घरांत त्याला शिव्या मिळाल्या आणि निम्म्या घरांत चहा. विधवा बार्बरा म्हणाली की नवऱ्याला तिने सांगितलं होतं, तुला तिथे थंडी वाजेल म्हणून, आणि शेडमध्ये होता हे ऐकून तिला बरंच वाटलं.

बाबा आता माझ्या स्वयंपाकघरात आहेत. खिडकीत.

थेल्मा

•

स्केलब्रूक, ३ जुलै

नेव्हिल,

तुला निकाल कळलाच असेल, तुमच्या गिरणीतला आरडाओरडा डोंगराच्या या बाजूपर्यंत आला. माझं पाचवं मत ऑर्मशॉला.

मत देण्याआधी मी फिलिपाबाईंना सगळं सांगून टाकलं. बाबा, पोस्ट, आर्नी, आणि भिंतीवरची रेघसुद्धा. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "रेघ मला दिसली होती, मिसेस एकरॉइड. तुम्ही जरा बुटक्या आहात." मग म्हणाल्या की बाप गोलपोस्टखाली आहे असं मी आधीच सांगितलं असतं, तर त्यांना मला समितीतून काढावंच लागलं असतं, पण त्यांच्या बापाची राखही कुठल्याशा मैदानाच्या माणसाकडे दिली होती, आणि आता त्या घरी जाऊन त्याला फोन करणार आहेत.

गावात माझं तोंड काळं झालंय. खाटिक मला रांगेत सगळ्यांच्या मागे उभं करतो. कुणी तरी माझ्या दारावर ऑर्मशॉच्या रंगांचा मफलर बांधून गेलं. चांगल्या लोकरीचा आहे, मी धुऊन ठेवलाय. मोजणीवाले वॉटर लेनवर आलेत आणि रेल्वेकडचा पोस्ट काल पाडला. मी बघायला गेले होते. पाडला तेव्हा वाईट वाटलं, पण ते लाकूड पडल्याचं वाईट होतं, तेवढंच. घरी येऊन मी पोटभर जेवले आणि दुपारची झोपले. किती दिवसांनी नीट झोपले ते तुला सांगून कळायचं नाही.

आता राहिलं ते बाबांचं. आईची जागा टेकडीवरच्या दफनभूमीत आहे, तिथे नदी येत नाही. तिच्या शेजारी एकाची जागा सोडलेली आहे. आईने हयातीतच ती बाबांसाठी घेतली होती, पण बाबांनी ऐकलं नाही. आई मला म्हणाली होती, "जाऊ दे गं, त्यांना माझ्यापेक्षा ते गवत जास्त आवडतं." तसं ती हसत म्हणाली, पण मला ते कधी विसरता आलं नाही. धर्मगुरूशी बोलून आले. वीस तारीख, शनिवार, सकाळी अकरा. खड्डा आर्नी खणणार. या वेळी मी समोर उभी राहून बघणार आहे.

बाबांच्या अटीचा विचार मी केला. ती अट त्यांच्या मैदानासाठी होती आणि ते मैदान आता सुपरमार्केटचं आहे. आईच्या शेजारी कुणी यावं आणि कुणी येऊ नये, हे आई ठरवते, आणि आईने तुला कधी येऊ नको म्हटलेलं मी ऐकलं नाही.

जोन फोनवर म्हणाली की एवढी वर्षं तुला एकच गोष्ट लागून राहिलीय. किकचं नाही, माझ्या बोलण्याचंही नाही. बापाला मातीत ठेवताना तू तिथे नव्हतास, आणि ते आता परत करता येत नाही, असं तू तिला म्हणालास.

तेव्हा नीट वाच. त्या जानेवारीत आम्ही फक्त थंडीत उभे राहिलो, एका लाकडाला प्रार्थना ऐकवली आणि पाई खाल्ल्या. बाबांना अजून कुणीही मातीत ठेवलेलं नाही. तुझ्यावाचून काहीच झालेलं नाही, नेव्हिल.

ये.

थेल्मा